जाळ्याचं सूत आणि अर्धा स्लॅब

ती घटना आजही आठवली की माझा उजवा हात आपोआप खिशात जातो. नव्वदच्या सुमाराची गोष्ट, मी तेव्हा फौजदार होतो. ठाण्याच्या खाडीलगत एका नव्या इमारतीचं सेंट्रिंग, म्हणजे आधाराच्या फळ्या-टेकू, काढताना अर्धा स्लॅब कोसळला आणि एक मजूर जागीच गेला.

पंचनामा चालू असतानाच चौकीत निनावी फोन आला. "कोळी मुकादमाने काँक्रीटमध्ये जाळ्याचे तुकडे कालवलेत." पाहतो तर खरंच, उभ्या राहिलेल्या अर्ध्या भागाच्या तुटक्या कडेतून नायलॉनचे दोरे लोंबत होते. तडक कोळीवाडा गाठला. मुकादम आपल्या ओट्यावरच बसला होता.

"भेसळ का केलीस रे?"

"भेसल नाय, सायब. जाल्याचा सूत भेग धरून ठेवतंय. ह्यो ओटा बी त्याच सुताचा, खाऱ्या पान्यान दहा वर्सा उभा हाय. न् तो दुसरा अर्धा तर..."

काँक्रीटमध्ये जाळं? हा मला वेड्यात काढतोय, असं वाटलं आणि सगळ्या आळीदेखत मी एक ठेवून दिली. मग तो बोलेचना. कोठडीतही गप्प.

दोन्हीकडचे तुकडे कॉलेजातल्या प्राध्यापकांकडे नेले. ते म्हणाले, "दोऱ्याने ताकद फार वाढत नाही, पण भेग पसरत नाही. दोऱ्याचा भाग उत्तम आहे. पडलेल्या भागात दोरा नाहीच, पाणी मात्र बेसुमार. न हलवता आपोआप बसणारं काँक्रीट परदेशात करू लागलेत म्हणे, पण त्याला शास्त्र लागतं. इथे नुसतं पाणी ओतलंय."

माझं डोकंच चालेना. एकाच माणसाने अर्धं चोख आणि अर्धं वाईट काम का करावं? ढिगाऱ्यात एकही दोरा नव्हता, हे पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं.

पडलेला भाग कधी ओतला, ती तारीख साइटवरून मागवली. हवालदाराने स्टेशन डायरी उघडली आणि कपाळाला हात लावला. "साहेब, त्या दिवशी नारळी पौर्णिमा! मी खाडीवर बंदोबस्ताला होतो. हा नारळ घेऊन पुढे नाचत होता. पुनवेला कुठला कोळी कामावर जातो?"

सुपरवायझरला बोलावलं. तासाभरात कबूल झाला. काँक्रीट दाबून बसवायचा व्हायब्रेटर बंद पडला, म्हणून ते पसरावं यासाठी त्याने पाण्याचा पाइप सोडला होता. फोनही त्याचाच.

मुकादमाला सोडलं. दारात तो म्हणाला, "सायब, सुटलो त्या कोनला दिसनार? थोबाडीत खाल्ली ती सगल्यांनी बघली."

मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वर्दीत कोळीवाड्यात गेलो आणि त्याच ओट्यासमोर, आळीदेखत हात जोडले. पुढे नोकरीभर मी कुणाचं वाक्य अर्ध्यावर तोडलं नाही.

त्याने बसवून चहा पाजला. माफ केलं, असं मात्र म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.