डावीकडून गेलेले गोल

ते प्रकरण आठवलं की अजूनही घास गोड लागत नाही. मी कोल्हापूरकडचा, दहावीतच शाळा सुटलेला. गोंदियाने मला सांभाळलं, पोलिसात जमादार केलं. म्हणून इथल्या माणसाबद्दल लिहिताना धास्ती वाटते, कुठे चुकीचा शब्द पडू नये.

राज्य पातळीवरच्या फुटबॉल लीगचा हंगाम सुरू होता. दिवसा कामधंदा करून खेळणारी मुलं. आमच्या शहराच्या संघाचा गोलकीपर जवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. दिवाळीच्या सुट्टीनंतर संघ ओळीने हरू लागला. मैदानाजवळच्या पानठेलेवाल्याने खबर दिली, "साहब, गोलकीपर बिक गया. सब गोल एक ही साइड से खा रहा, बाएँ से."

ठाणेदारांनी चौकशी माझ्याकडे दिली. डायरीत नोंद करून मी त्याला बोलावलं.

"डावीकडचेच गोल कसे सुटतात रे?"

"मी कोनाचे पैसे नाही घेतलो जी."

"मग?"

मान खाली. पैसे खाल्लेला माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. हा बोलतच नव्हता.

शिपायाने चहा आणून त्याच्या डाव्या बाजूला धरला. "घे ना बे, पोलिसाचा चहा आहे, जहर नाही!"

त्याला कप दिसलाच नाही. वळताना कोपर लागून चहा सांडला. मी त्याचं तोंड खिडकीकडे फिरवलं. डाव्या बुबुळावर पांढरा डाग होता.

मग तो रडला. सुट्टीत घरच्या धानाची मळणी करताना कुसळ डोळ्यात गेलं होतं. दवाखान्यात गेलो तर संघाला कळेल, म्हणून एरंडाचं तेल घालून खेळत राहिला.

"बदनामी झाली त बी खेळता येते जी. डोरा गेला मनलं त कोन उभा करन मले गोलात? तेवढं लिहू नका."

लिहिणं भाग होतं. कारण दिल्याशिवाय संशय मिटत नाही. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "लगेच आला असता तर डोळा वाचला असता." मी अहवाल दिला. आरोप गेला. त्याच आठवड्यात संघाने दुसरा गोलकीपर घेतला.

त्याची आई ठाण्यात हात जोडायला आली. "पोराची इज्जत वाचवली जी तुमी." तो फाटकापाशीच थांबला, आत आला नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत, गप्प बसलेल्या माणसाला मी आधी विचारायचो, बोललास तर तुझं काय जाईल? उत्तर मिळाल्यावरही पुष्कळदा लिहायचं तेच लिहावं लागलं.