शुक्रवारी फोन कोण उचलतो

आमच्या डोंबिवलीत व्याख्यानाला माणसं वेळेआधी येतात, पंख्याखालची खुर्ची धरतात आणि वक्त्याचं काही चुकलं तर घरी जाऊन संदर्भ तपासतात. याचा आम्हाला फार अभिमान आहे. आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेत प्रश्न उभं राहून विचारायचे नाहीत, चिठ्ठीवर लिहून द्यायचे, असा नियम आहे. उभा राहिलेला माणूस प्रश्न विचारत नाही, स्वतःचंच व्याख्यान देतो, हा आमचा अनुभव. चिठ्ठ्या गोळा झाल्या की त्यातल्या चार-पाच निवडून वक्त्यासमोर ठेवायच्या, हे काम मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे आहे. मी नागरिकशास्त्र शिकवायचो. पाल्हाळ बाजूला काढणं, खोचक प्रश्न अलगद खाली सरकवणं मला छान जमतं, असं सगळे म्हणत. मलाही ते पटलेलं होतं.

गेल्या वर्षी मला या कामाची शिसारी आली. अजून ती गेलेली नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आंबिवलीला राहते. ती नर्स आहे, कोलशेतकडच्या एका खासगी रुग्णालयात नोकरीला होती. तिचे वडील इलेक्ट्रिशियन. परदेशात एका कंपनीत बरीच वर्षं कामाला होते, वर्षातून एकदा गणपतीला घरी यायचे. देशाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा लगेच त्या देशाच्या बाजूने किंवा विरुद्ध उभा राहतो आणि मेलेला माणूस तसाच राहून जातो. तिथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी असते. शुक्रवारी सगळे कामगार बाजारात जातात, भाजी घेतात, घरी फोन करतात. अशाच एका शुक्रवारी त्या बाजारात बंदूकवाले शिरले.

तिचे वडील जागच्या जागी गेले नाहीत. पोटात गोळी लागली होती. खोलीतल्या सोबत्याने त्यांना गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, इथे काही होणार नाही, राजधानीतल्या मोठ्या रुग्णालयात हलवा. हलवायला कंपनीचं नाहीतर आपल्या वकिलातीचं पत्र हवं. कंपनीला सुट्टी. वकिलातीच्या फोनवर टेप लागलेली, की आज कार्यालय बंद आहे, कार्यालयाची वेळ रविवार ते गुरुवार. तातडीचा म्हणून आणखी एक नंबर दिलेला होता. तो वाजत राहायचा आणि तुटायचा. सोबती तिकडून लावत होता, माय-लेकी आंबिवलीहून लावत होत्या. शनिवारी संध्याकाळी ते गेले. रविवारी सकाळी फोन उचलला गेला आणि पलीकडचा माणूस अतिशय सौजन्याने बोलला.

मी भेटायला गेलो तेव्हा मुलीने मला हे सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "सर, तो चांगलाच बोलला हो. त्याचा राग पण येत नाही."

आणि या सगळ्या वेळात आपल्याकडे काय चाललं होतं ते मला नीट आठवतं, कारण मी टीव्हीसमोर बसलो होतो. हल्ल्यानंतर थोड्याच वेळात निषेधाचं पत्रक निघालं होतं. तीव्र शब्दांत निषेध, दोन्ही देशांची मैत्री अतूट, दहशतवादाविरुद्ध खांद्याला खांदा. भाषा निर्दोष होती. म्हणजे शुक्रवारी कोणीतरी कामावर होतं. पत्रक लिहिणारा होता, तपासणारा होता, ते वाचून दाखवणारा होता. फोन उचलणारा तेवढा नव्हता.

महिन्याभराने मंडळाची बैठक झाली. विषय ठरला, दहशतवादी हल्ल्यातून परराष्ट्र धोरणाने काय शिकावे. वक्ता म्हणून निवृत्त अधिकारी मिळाले, परराष्ट्र खात्यात मोठ्या हुद्द्यावर राहिलेले, मराठीही उत्तम. मग कोणीतरी म्हणालं, हल्ल्यात गेलेले गृहस्थ आपल्याच भागातले, त्यांच्या पत्नीचा सत्कार करू. कशाबद्दल सत्कार, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. आमच्याकडे व्यासपीठावर आलेल्या माणसाला शाल आणि श्रीफळ दिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. कवी असो, गिर्यारोहक असो की नवरा गमावलेली बाई.

त्यानंतरची चर्चा मला आठवली की आजही अंगावर काटा येतो. विधवेच्या हातात नारळ द्यावा का, की नुसती शाल द्यावी? एक म्हणाले, आपण पुरोगामी आहोत, नारळ द्यायलाच हवा. दुसरे म्हणाले, त्यांच्या गावाकडच्या मंडळींना खटकेल. तिसऱ्यांनी तोडगा काढला की नारळाऐवजी पुस्तक द्यावं. अर्धा तास हे चाललं होतं. पुस्तकाची कल्पना उत्तम आहे, असं मीच म्हणालो. मग चहा आला.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. ती बाई पहिल्या रांगेत मुलीशेजारी बसली होती. साधी, पन्नाशीची, कोकणातल्या गावातून लग्न करून इकडे आलेली. व्यासपीठावर नाव पुकारलं तेव्हा ती उठली, वर आली, शाल घेतली, पुस्तक घेतलं. फोटोवाल्याने जरा इकडे बघा म्हटलं तर इकडे बघितलं. टाळ्या झाल्या. टाळ्या कशाबद्दल होत्या ते मला अजून कळलेलं नाही.

मग वक्ते बोलले, आणि चांगलेच बोलले. संयम हीसुद्धा शक्ती असते. शत्रूला एकटं पाडायचं असेल तर आधी मित्र जपावे लागतात. संदेश योग्य वेळी, योग्य पातळीवर पोचवावा लागतो. मित्रराष्ट्राकडे जाहीरपणे उत्तर मागायचं नसतं, मागितलं की तेही मिळत नाही आणि मैत्रीही जाते. पडद्यावर नकाशा होता, त्यावर रंगीत बाण होते. मी वहीत टिपणं घेत होतो. यातलं बरंचसं खरंही असेल. पण तास उलटला तरी बाजारात भाजी घेणारा माणूस त्या नकाशावर कुठेच आला नाही.

चिठ्ठ्या आल्या. स्टीलच्या ताटात घेऊन मी व्यासपीठाच्या कडेला बसलो. आपण घुसून कधी मारणार, अशा तीन होत्या, त्यातली एक माझ्या ओळखीच्या दंतवैद्याची. संध्याकाळी दवाखाना लवकर बंद करून युद्ध मागायला आलेला माणूस. त्या मी खाली सरकवल्या. चीनची भूमिका काय राहील, ही वर ठेवली. अण्वस्त्रांवर एक होती, तीही वर. मग निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर पेनाने लिहिलेली एक निघाली. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं.

"माझी मुलगी पुढच्या महिन्यात त्याच देशात नर्स म्हणून चालली आहे. तिला कधी गरज लागली तर तिने कोणता नंबर लावायचा? तो शुक्रवारी उचलतात का?"

मी ती दोनदा वाचली. मुलीचं करारपत्र वडील गेले त्याच्या आधीच झालेलं होतं, हे मला ठाऊक होतं. घर चालवणारी आता तीच, हेही ठाऊक होतं. आणि तरीही माझ्या हाताने सवयीने ती चिठ्ठी ताटाखाली सरकवली. मनात आलं, हा प्रश्न वैयक्तिक आहे, विषयाशी संबंधित नाही. आमच्या नियमात तसं लिहिलेलंच आहे.

चीनच्या प्रश्नाला वक्त्यांनी बराच वेळ दिला. मग आभार झाले.

बाहेर चपला घालताना मुलगी आली. "सर, आईची चिठ्ठी मिळाली का तुम्हाला? निमंत्रणावर लिहिलेली."

मी म्हणालो, "अगं, वेळ संपला ना."

ती "ओके सर" म्हणाली. तिची आई मागे शाल हातावर घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघून हसली, जसं शाळेतल्या मास्तरांकडे बघून हसतात तसं. खोटं बोललो याची लाज वाटायला हवी होती. पण आधी वाटला तो तिटकारा, त्या सभागृहाचा, रंगीत बाणांचा, आमच्या पुरोगामी पुस्तकाचा, आणि त्यात नीट बसलेल्या माझा.

घरी आल्यावर मला माझ्या जुन्या नोट्स आठवल्या. परराष्ट्र धोरणाची उद्दिष्टं मी मुलांना पाच मुद्द्यांत लिहून द्यायचो. पाचवा होता, परदेशातील आपल्या नागरिकांचं रक्षण. प्रश्न चार गुणांचा असायचा, म्हणून मीच सांगायचो की पाचवा पाठ नाही केला तरी चालेल. किती वर्षं हे सांगितलं, किती मुलांना सांगितलं, कुणास ठाऊक. त्यातली काही आज खात्यातसुद्धा असतील.

दुसऱ्या दिवशी मी वक्त्यांना फोन केला. झाला प्रकार सांगितला, चिठ्ठी वाचून दाखवली आणि म्हटलं, एवढं एक उत्तर मिळालं तर मी स्वतः त्यांना जाऊन सांगेन. ते रागावले नाहीत. अतिशय शांतपणे म्हणाले, "हे बघा, धोरण ही एक गोष्ट आहे आणि सेवा ही वेगळी. तुम्ही त्यांना संकेतस्थळ पाहायला सांगा."

मी म्हणालो, "पण मग काल आपण काय शिकायचं ठरवलं?"

"व्यापक पातळीवर," ते म्हणाले. मग त्यांना दुसरा फोन आला.

मी संकेतस्थळ पाहिलं. तिथे वकिलातीच्या इमारतीचा फोटो होता, योग दिनाचे फोटो होते, आणि खाली नंबर होते. मी शुक्रवारपर्यंत थांबलो. शुक्रवारी सकाळी पूजा आटोपून, चष्मा लावून, पहिला नंबर फिरवला. टेप लागली. कार्यालय बंद आहे. तातडीचा नंबर फिरवला. वाजला, वाजला आणि तुटला. दुपारी जेवणानंतर पुन्हा. चार वाजता पुन्हा. मला काही झालेलं नव्हतं, पोटात गोळी नव्हती, मी पंख्याखाली आरामखुर्चीत होतो, तरी संध्याकाळी मी पुन्हा एकदा नंबर फिरवला. एक माणूस मेला, निषेध झाला, व्याख्यान झालं, आणि टेपमधलं एक वाक्यही बदललेलं नव्हतं.

लोक विचारतात, अशा हल्ल्यानंतर देशाने काय करावं. रणगाड्यांचं मला कळत नाही आणि ज्यांना कळतं असं ते म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. पण आपली किती माणसं कुठल्या गावात कुठल्या खोलीत राहतात याची यादी असावी, आणि त्यांनी हाक मारली तर कुठल्याही वारी एक जिवंत माणूस ओ देईल अशी सोय असावी, एवढं तर मागता येतं. ज्या देशाला हे जमत नाही त्याने खांद्याला खांदा वगैरे लिहू नये. वाचताना किळस येते.

शनिवारी मी आंबिवलीला गेलो. स्टेशनपासून त्यांची इमारत चालत जवळच आहे. खोलीभर नवीन बॅगा उघड्या पडल्या होत्या. मुलगी युनिफॉर्मच्या घड्या घालत होती. आईने पाणी दिलं आणि समोर बसली.

मी खिशातून चिठ्ठी काढून पुढे ठेवली. "वेळ संपला नव्हता," मी म्हणालो. "मीच ती बाजूला ठेवली. माझं चुकलं."

तिने चिठ्ठी हातात घेतली, स्वतःचंच अक्षर वाचल्यासारखं केलं. "असू द्या सर. तिकडे मोठी मोठी माणसं होती. आमचा प्रश्न छोटासाच होता."

मी म्हणालो, "तेवढाच एक प्रश्न होता तिथे, वहिनी. बाकी सगळ्या गप्पा." मग काल दिवसभर काय केलं ते सांगितलं. ती पदराने तोंड पुसत राहिली.

मुलगी घडी घालता घालता थांबली. "म्हणजे अजून पण तीच टेप?"

"तीच."

"मग मी नंबर कुठला ठेवू, सर? हॉस्पिटलच्या फॉर्मवर लिहायला लागतो. आईला हिंदी पण नीट येत नाही, ती कोणाशी काय बोलणार."

तिने हे मला कोंडीत पकडायला विचारलं नव्हतं. तिला खरंच फॉर्म भरायचा होता. मी तिला जाऊ नकोस म्हणू शकलो असतो, पण ते म्हणायचा मला काय अधिकार होता. मी माझा नंबर सांगितला. तिने तो फोनमध्ये घेतला, फॉर्मवर लिहिला, आणि एका कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये सरकवला.

"शुक्रवारी उचलाल ना, सर?"

"उचलेन," मी म्हणालो.

ती गेली त्याला आता काही महिने झाले. एवढा मोठा देश, त्याच्या एवढ्या वकिलाती, एवढे झेंडे. आणि त्या मुलीवर तिकडे वेळ आली तर ती डोंबिवलीतल्या एका सत्तरीच्या मास्तरला फोन लावणार आहे, ज्याला तिकडची भाषा येत नाही आणि तिकडे कोणी ओळखत नाही.