घरात आलं कोण?

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार, सकाळ. स्थळ : नगर, बालविकास डॉक्टरांची खोली. हजर : डॉक्टर, आमचा साडेतीन वर्षांचा ओजस, त्याचे बाबा, माझ्या सासूबाई.

डॉक्टर म्हणाले, "ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर आहे." म्हणजे स्वमग्नता. माणसांशी जोडून घेणं, बोलणं, आवाज आणि स्पर्श सोसणं, हे सगळं या मुलांचं वेगळ्या रीतीनं होतं. "हा ताप नाही, औषधानं उतरायला. आपण त्याला बोलायची वाट शोधून देऊ."

"आमच्यात पोरं लई उशिरा बोलत्यात, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "ह्याचा बाप बी तसाच हुता." मी कागद काढून पुढच्या तपासण्या लिहून घेतल्या. अशा वेळी मला तेवढंच सुचतं.

तुमच्यावर ही वेळ आली, तर आधी बेरा टेस्ट करून घ्या. कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का, हे त्यात मूल झोपलेलं असताना बघतात. तिथं झोप लागावी म्हणून आधी जागवावं लागतं. श्रीरामपूरहून पहाटेची एसटी धरली. गाडीत डोळा लागू नये म्हणून वाटभर त्याच्यापुढे शेंगा फोडायला ठेवल्या.

रिपोर्ट चांगला आला. त्याला सगळं ऐकू येत होतं. म्हणजे माझी हाकसुद्धा.

स्पीच थेरपी सुरू झाली. जोडीला डॉक्टरांनी म्युझिक थेरपी सुचवली, म्हणजे गाण्याच्या आधारानं बोलण्याचा सराव. "पण स्पीच थेरपी सोडायची नाही," त्यांनी बजावलं. "आणि प्रत्येक मुलाला सारखाच उपयोग होईल, असंही मी सांगणार नाही."

थेरपिस्ट ताईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "ह्याला कुठला आवाज आवडतो?"

"पाण्याची मोटर," मी म्हटलं. मोटर लागली की तो तिच्याच सुरात गुणगुणायचा. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पेटीवर तो सूर शोधला आणि धरून ठेवला. कुणाकडेही न बघणारा ओजस सतरंजीवरून सरकत पेटीला जाऊन टेकला.

त्याच सुरावर ताईंनी ओळ रचली : "कोण आलं, कोण आलं, घरात आलं कोण?" पुढचं नाव गायचं नाही. थांबायचं. ते मुलानं भरायचं. मी घरी रोज गाऊ लागले. बाबा कामावरून आले की, सासूबाई देवळातून आल्या की.

उन्हाळ्यातली एक संध्याकाळ. सासूबाई उंबऱ्यात होत्या. मी ओळ म्हटली आणि थांबले. ओजसचे ओठ हलले. "आ..."

मी पुढे झुकले.

"...जी."

सासूबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. "आधी माझं नाव घेतलं, बघ! तू बस याद्या करत!" असं म्हणत त्यांनीच मला जवळ ओढलं आणि त्या रडल्या.

मग 'बाबा' आलं. घंटागाडीवाल्याचं 'काका' आलं. प्रत्येक शब्दाला मी पेढे वाटावेत इतकी खूश होते, आणि प्रत्येक शब्दानंतर माझे कान पुढच्या शब्दाकडे लागत.

ताईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, पण तुमच्या गाण्यात आई येते कधी? तुम्ही तर कायम आतच."

खरंच की. सगळे आले का हे मोजणारी मी, मला कुणी आलेलं बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी बाहेर जाते आणि ओळ सासूबाई म्हणतात. "मला कुटं गाता येतंय?" असं कुरकुरत, पण मोटरपेक्षा मोठ्यानं. ओळ संपली की त्याही थांबतात. मी दाराबाहेर कान लावून उभी. आत शांतता. मग दाराच्या पलीकडून गुणगुणणं येतं, मोटरचाच सूर, अगदी माझ्या कानाजवळ. ओजस दाराशी आलेला असतो.

मागच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "कधी म्हणेल, सांगता येणार नाही. पण तो तुम्हाला शोधत दारापर्यंत येतोय ना?" येतोय. पूर्वी येत नव्हता. हे मी स्वतःला रोज सांगते, तुम्हीही सांगा.

आजची बाकीची कामं झाली. कुकर उतरवलाय, उद्याची भाजी निवडलीय, सासूबाई सतरंजीवर येऊन बसल्यात. चपला घालून बाहेर जायचं आणि दार ओढून घ्यायचं, एवढं राहिलंय.