पालथा हात

लिंबायतला जिन्याखालच्या जागेत मोबाइल दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. त्याचं नाव मी विचारलं नाही. टेबलावर मीटर आहे, पण तो शोभेला असावा. हा माणूस फोन उघडतो, चालू करतो आणि प्रोसेसरच्या चिपला पालथ्या हाताचं बोट लावून डोळे मिटतो. चिप किती तापते, यावरून त्याला दुखणं कळतं.

माझा जुना टॅब्लेट मी त्याच्याकडे नेला. त्यात आता एकही अ‍ॅप उघडत नव्हतं.

"चिप चांगली शे, भाऊ," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी करायची तेवढंच काम आजही करते. नव्या अ‍ॅपवाल्यांना ती नकोय."

"म्हणजे भंगार," मी म्हणालो. मी कारखान्यात मॅनेजर आहे. जुनं काय ते मला लगेच कळतं, असा माझा लौकिक आहे.

तो टॅब्लेट पुसू लागला. "कापडाच्या लूमची मोटरही मी अशीच बघायचो. बमरोलीला, पाण्याच्या टाकीमागच्या कारखान्यात. नवी मशीनं आली आणि माझे चालू लूम भंगारात गेले. मागोमाग मीही घरी."

त्या कारखान्यातली भंगाराची यादी मीच केली होती. एसीत बसून, खरेदीचं वर्ष बघून. लूम चालू आहेत की बंद, हे बघायला खाली उतरण्याची मला गरज वाटली नव्हती.

मी टॅब्लेट घ्यायला हात पुढे केला. टॅब्लेट परत देताना त्याचा पालथा हात माझ्या हाताला लागला.

"टॅब्लेट थंड आहे, भाऊ," तो म्हणाला. "तुमचाच हात तापलाय."