सर्व मंडळांचे प्रमुख राऊत सर

आमच्या शाळेत सात मंडळं आहेत आणि सातही मंडळांचे प्रमुख मोहनराव राऊत सर आहेत. विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, हरित सेना, वक्तृत्व मंडळ. उरलेली मला आठवत नाहीत आणि फलक पाहिल्याशिवाय सरांनाही आठवत नाहीत. आमच्याकडे मंडळ म्हणजे उद्घाटन. जुलैत पाहुणा बोलवायचा, नारळ फोडायचा, पोरांना फलकाखाली उभं करून फोटो काढायचा आणि तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचा. मी इथं गणित शिकवायला आले तेव्हापासून कुठल्याही मंडळाची दुसरी बैठक झालेली पाहिलेली नाही. फलकसुद्धा तोच असतो, सालावर फक्त नवी पट्टी चिकटवतात.

सर आळशी असते तर परवडलं असतं. पण हा गृहस्थ राबतो. शाळा सुटल्यावर पोरांना थांबवून घसा बसेपर्यंत वक्तृत्व शिकवतो, त्यांना इंदापूर-बारामतीला स्पर्धेला नेतो, वडापाव स्वतःच्या खिशातून चारतो. आणि शिकवतो काय, तर एकच भाषण. विषय पाणी असो, मोबाईल असो की स्त्रीशक्ती. सुरुवातीची चार वाक्यं बदलायची, पुढं आई, मग सीमेवरचा जवान, शेवटी एक शेर. 'आकाश' आलं की उजवा हात वर, 'काळीज' आलं की मूठ छातीवर. कागदावर जागोजाग 'इथं थांब, टाळ्या' असं लिहिलेलं असतं. सातवीतल्या लखननं एकदा तेही पाठ केलं आणि निमगाव केतकीच्या स्पर्धेत खणखणीत आवाजात म्हणून टाकलं, "इथं थांब, टाळ्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. हसावं की रडावं मला कळेना. सर मात्र पेढे वाटत होते.

असल्या या मंडळात गेल्या वर्षी नववीतली मेहजबीन मणेर शिरली. तिची आई सलिमा आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान मांडते. स्पर्धेचा विषय होता 'माझा आदर्श'. सरांचा कागद तिनं घेतलाच नाही. "सर, मी माझं मीच लिवलंय," म्हणाली.

शाळेतल्या फेरीत ती हात न हलवता बोलली. "माझी आई बायकांचे हात हातात घेते. हात बघून तिला कळतं, ही कांदा काढून आली की डाळिंब तोडून. कधी एखादीचं मनगट सुजलेलं असतं. ती म्हणते, गोठ्यात पडले. आई काही विचारत नाही. सव्वादोन मापाच्या हाताला अडीचची सैल बांगडी भरते, म्हणजे दुखत नाही आणि हात रिकामाही दिसत नाही."

टाळ्या पडल्या नाहीत. दारात झाडू घेऊन उभी असलेली कुशाबाई तोंडाला पदर लावून निघून गेली. राऊत सरांचे डोळेही भरून आले होते, मी बघितले. आणि मी मूर्खासारखं मनात म्हटलं, चला, दगडाला पाझर फुटला.

मेहजबीनला एवढंच हवं होतं, की बारामतीच्या स्पर्धेत आईनं समोर बसावं आणि तिनं हे सगळं आईला ऐकवावं. घरात तोंडावर असलं बोलता येत नाही, असं तिनं मला सांगितलं होतं. सरांनी "जरा मजबूत करून देतो" म्हणून तिचा कागद ठेवून घेतला.

मजबूत झाला तो असा. भाषण करणार ऋषिराज, संस्थेच्या उपाध्यक्षांचा नातू, कारण त्याचा आवाज मोठा. मेहजबीननं हॉलमध्ये मागं बसायचं आणि ठरलेल्या जागी टाळ्या सुरू करायच्या. हे तिला सांगितलं ते स्पर्धेच्या दिवशी, जीपमध्ये बसल्यावर. तोवर सलिमा बाजार बुडवून, ठेवणीतली साडी नेसून एसटीनं निघालीसुद्धा होती. मुलगी असली की बरोबर बाई लागते म्हणून मीही जीपमध्ये होते. मी सरांना तिथंच सुनावलं. "म्याडम, उपाध्यक्षांनी शब्द टाकला हुता," एवढंच म्हणाले. वरून शब्द पडला की आमच्या सरांचा कणा आपोआप वाकतो.

ऋषिराज स्टेजवर गेला. पहिल्या रांगेत त्याची आई सुकन्याताई, दोन्ही मनगटं सोन्यानं भरलेली. "माझी आई बांगड्या भरते!" म्हणत त्यानं उजवा हात आकाशात नेला आणि सुकन्याताई कौतुकानं मान डोलवू लागल्या. सुजलेलं मनगट सरांनी गाळलं होतं. त्या जागी एक गरीब सुवासिनी आली होती आणि आई तिला फुकट चुडा भरून 'अखंड सौभाग्यवती भव' म्हणत होती. मग जवान आला. मग शेर.

मागच्या रांगेत सलिमानं लेकीला हळूच विचारलं, "ह्यो पोरगा तर आपलंच सांगतुय. तुजी पाळी कवा हाय?"

टाळ्यांच्या जागी मेहजबीनचे हात मांडीवरच होते. टाळ्या बाकीच्यांनी वाजवल्या आणि पहिला नंबरही आला.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली. सरांसमोर उभी राहिली.

"सर, ती सुजल्याल्या हाताची बाई कुठं गेली?"

"अगं, घरातली भांडणं स्टेजवर कशाला? परीक्षक काय म्हणतील? आन् बक्षीस मिळालं न्हवं?"

"कुणाला?"

ती तशीच उभी राहिली, मग दाराकडं गेली आणि तिथून वळून म्हणाली, "माझं नाव मंडळातनं काढा. आमच्या घरातलं मी आता कुणालाच सांगणार न्हाय." आणि गेली.

सर खिडकीबाहेर बघत बसले. समोरचा चहा निवून गेला. मला वाटलं, लागलं असेल. शेवटी माणूसच आहे. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्याडम, बघितलं का? बोलली इवलंसं, पण थांबली कशी, दारात वळली कशी! पुढच्या साली हिला नाट्य मंडळात घिऊ."