कडंचं माणूस

ताईच्या लग्नात ऐन मुहूर्तावर वीज गेली आणि उचगावच्या आमच्या घराचा अरुंद सोपा अंधारला. फोटोग्राफर मात्र निवांत होता. त्याच्या एकुलत्या एक लेन्सला थोडा उजेडही पुरायचा आणि एवढ्याशा जागेत सगळं वऱ्हाड मावायचं. फक्त तिला झूम नव्हता. त्यामुळं तो पार अंतरपाटापाशी घुसायचा, आणि नवरदेवाइतक्याच अक्षता त्याच्याही केसांत अडकल्या होत्या.

मग सगळ्यांचा एकत्र फोटो ठरला. वडील गेल्यापासून आई शुभकार्यात बाजूलाच राहायची. पोटच्या पोरीच्या लग्नातही ती रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

त्यानं कॅमेरा खाली घेतला. "आक्का, मधी या की."

"ऱ्हाऊ दे. मी हितंच बरी हाय."

"न्हाय जमायचं. ही लेन्स कडंच्या माणसाला ताणती. नवरीच्या आईचं तोंड बिघडलं तर लोकं मला शिव्या घालत्याल."

आई ताईशेजारी आली. तिच्या जागी त्यानं मामांना उभं केलं.

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. फोटोत दुप्पट रुंद झालेले मामा अजून त्याला शिव्या घालतात. आई जाता-येता त्या फोटोची काच पदरानं पुसते.