विटाळ नाही, तर सुट्टीही नाही

युक्रेनमधलं हॉस्टेल सोडलं तेव्हा माझ्या एका हातात बॅग होती न् दुसऱ्या हातानं पोट धरलेलं. युद्ध पेटलं होतं, सीमेपर्यंत पायी जायचं होतं, थंडी मरणाची, आणि पाळी नेमकी त्याच सकाळी आली. परभणीजवळच्या मानवतहून, घरून, आईचा फोन. "बॉम्बचं टीव्हीवर दिसायलंय. तुझं पोट दुखायलंय का ते सांग."

हे दुखणं माझं दहावीपासूनचं. आई म्हणायची, लग्न झालं की थांबतं. मी डॉक्टरकी शिकायला निघाले तर म्हणाली, "मग डॉक्टर झालीस की थांबंल."

घरी पोचले तर अख्खी गल्ली भेटायला. मी पाय पोटाशी घेऊन गादीवर. ज्या बायका आधी "नाटकं करायली" म्हणायच्या, त्याच आता "लेकरानं बॉम्बचा धसका घेतला हो" म्हणून डोळे पुसायल्या. शेजारच्या सुमनकाकूंनी दृष्ट काढली. हे जुनंच दुखणं हाय म्हणून सांगून थकले, कुणी ऐकंना. मग मीही गप्प बसले. युद्धाच्या नावावर का होईना, झोपू तर देत होते!

उरलेली डॉक्टरकी आता मी जॉर्जियात शिकते. भाषा नवी, पाव नवा, त्यावर चटणी तेवढी आईच्या हातची. इथल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीनं तपासलं न् म्हणाल्या, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर, भलतीकडंच वाढायचं. मला हसूच फुटलं. घ्या, हेही घर सोडून निघालेलं! हसता हसता रडूही आलं. तुझं दुखणं खरं आहे, एवढं ऐकायला मला इतके देश हिंडावे लागले.

बाईंनी विचारलं, आईला असा त्रास आहे का? आईला असला तर लेकीला व्हायचा संभव जास्त. मी ठणकावून नाही म्हणाले. आईला दिवसा आडवं झालेलं मी कधी बघितलंच नव्हतं. तरी फोन लावला.

"दुखतंय की," आई म्हणाली. "अजून दुखतंय."

"मग कधी झोपली का न्हाईस?"

"कोण झोपू देतंय? आपल्यात विटाळ न्हाई."

आमी लिंगायत. गळ्यात इष्टलिंग असलं की पाळीचा विटाळ पाळत नाहीत, आणि हॉस्टेलात मी हे लय मिरवून सांगायचे. "सुमन त्या दिवसांत बाजूला बसायची, आयतं खायची," आई म्हणाली. "मी कण्हत भाकरी थापायची. लय हेवा वाटायचा बघ तिचा."

मी म्हणाले, "परभणीला डॉक्टरला दाखव. अन् दुखलं की अप्पांना सांग आणि झोप."

"अप्पांना? नवऱ्याला पाळीचं सांगू? येडी झालीस का!"

पुढच्या महिन्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. आई भर दुपारी पलंगावर आडवी, मागं अप्पा कुकरशी झटायलेत. "सांगितलं," ती हळूच म्हणाली. "म्हणले, इतकी वर्षं बोलली का न्हाईस? उद्याच परभणीला नेतो म्हणलेत."

घराच्या आठवणीनं मी इथं लय रडलेय. पण घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मी तो पलंग दाखवीन.

तेवढ्यात फोनवर मागून अप्पांची हाक आली, "अगं, खिचडी खाली लागली!"

आई उठायला लागली. मी जॉर्जियातून ओरडले, "झोप! करपू दे."